पार्किंगचा प्रश्न

पुढे लिहिलेलं अक्षर न् अक्षर खरं आहे. गुलाबाच्या टोपलीवर हात ठेवून सांगतो. म्हणजे, टोपलीत त्या दिवशी गुलाब नव्हते, निशिगंध होता. आणि हात टोपलीवर नव्हता, चहाच्या कपाला होता. पण बाकी सगळं खरं! एक जागा सोडून. ती कुठली ते शेवटी सांगतो. आधी सांगितली तर तुम्ही तेवढीच वाचाल.

अमरावतीच्या फूलबाजारात माझा गाळा आहे. आमच्या धंद्यात सकाळचा माल दुपारी माल राहत नाही. शेवंती मान टाकते, मोगरा पिवळा पडतो. किश्शांचं तसं नाही. ते सुकतही नाहीत आणि कोणी विकतही घेत नाही, नुसते गाळ्यात साचत जातात. पूर्वी ते सांगताना मी स्वतःच आधी हसायचो. त्यातल्या काहींनी हल्ली डोकं तापतं. आज तेवढेच काढतो.

माणसं थोडीच आहेत. शेजारच्या गाळ्यातले रशीदभाई. आजोबांच्या वेळेपासून आमची भिंतीला भिंत. फुलं मी आणतो, ओवली जातात त्यांच्या घरी. देवळाचा हार, दर्ग्याची चादर, निकाहचा सेहरा, सत्यनारायणाच्या माळा, सगळं दोऱ्याच्या एकाच रिळातून निघतं. दुसरे प्रल्हादराव, अचलपूरकडचे. काळ्या रानात झेंडू काढतात, सकाळी टेम्पोतून माल उतरवला की टपरीवर आमच्यात येऊन बसतात. आणि माझी बायको सुनंदा. ती डबा घेऊन येते आणि माझ्या प्रत्येक किश्शात बरोबर रंगात आलं की म्हणते, "थापा!"

दोघं परदेशात. रशीदभाईंची सलमा अकोल्याला नर्सिंग शिकली आणि इंग्लंडातल्या एका गावात, तिथल्या दवाखान्यात लागली. माझा मंगेश कॉम्प्युटरच्या कामावर त्याच गावात गेला. योगायोगानं. म्हणजे, मीच त्याला म्हटलं होतं, सलमाताई आहे तिथं जा, आजारी पडलास तर कोणी पाहील. त्या गावाचं नाव मला अजून धड घेता येत नाही.

*

एक दिवस मंगेशचा फोन. आवाज चढलेला. हा बसस्टॉपवर उभा, आणि एका गाडीवाल्यानं काच खाली करून मुसलमानांना देतात ती शिवी याला दिली. वर म्हणाला, "आपल्या देशात चालता हो!" मंगेशला दाढी आहे, रंग आपला वऱ्हाडी उन्हातला. त्या माणसाला तेवढं पुरलं.

"बाबा, म्या काई आयकून नाई घेतलं! तोंडावर सांगतलं त्याले, आय ॲम हिंदू!"

टपरीवर मी हे छाती फुगवून सांगितलं. प्रल्हादराव म्हणाले, "बरं केलं पोट्ट्यानं. क्लिअर करून टाकलं."

रशीदभाई बशीत चहा ओतत होते. "मंग? तो सॉरी म्हणाला?"

"नाई," मी म्हटलं. "म्हणे, तूबी जा!"

प्रल्हादरावांना ठसका लागला. मी मात्र भडकलो. स्वतःला शहाणा म्हणवणारा देश, आणि माणूस ओळखता येत नाही! "आमच्या पोराले मुसलमान समजते म्हंजे काय!"

रशीदभाईंनी बशी खाली ठेवली. "दिगूभाऊ, तुले राग कशाचा आला? शिवी देल्ल्याचा, का पत्ता चुकल्याचा?"

सुनंदा नेमकी त्या दिवशी नव्हती. असती तर "थापा" म्हणाली असती आणि मी सुटलो असतो.

*

सलमाच्या वॉर्डात एक म्हातारी बाई ॲडमिट झाली. सलमा हातात सलाईनची सुई लावायला गेली, तर बाईनं हात पांघरुणात ओढून घेतला. "डोक्यावर ते फडकं बांधलेली मला शिवणार नाही."

सलमा भांडली नाही. बाजूला झाली. दुसरी नर्स आली, तिला शीर सापडेना. तिसरी आली, तिलाही नाही. बाईच्या हाताची चाळणी झाली. शेवटी बाईच कण्हत म्हणाली, "बोलवा तिला."

सलमानं पहिल्या झटक्यात सुई लावली. बाई बघतच राहिली. "तुझे वडील डॉक्टर आहेत?"

"नाही. हार करतात. मी सहा वर्षांची होते तेव्हापासून मोगरा ओवते. कळी फाटू न देता देठातून सुई न्यायची. तुमची शीर त्यापेक्षा जाड आहे."

त्यानंतर बाई दुसऱ्या कुणाला हात लावू देईना! डिस्चार्जच्या दिवशी सलमाचा हात धरून म्हणाली, "पोरी, तू वेगळी आहेस. बाकीचे तुझ्यासारखे नाहीत."

"बाकीचे किती ओळखता तुम्ही?"

बाईनं विचार केला. अगदी प्रामाणिकपणे केला. "एकही नाही."

हे ऐकून मी तिकडच्या लोकांवर असा काही तुटून पडलो की टपरीवाल्यानं स्टोव्ह बारीक केला. एकही माणूस न बघता अख्ख्या जमातीवर शिक्का! अडाणी! प्रल्हादराव मान डोलवत म्हणाले, "खरं हाय. आता आपले रशीदभाईच पाहा न. हे काय तसे हायेत का?"

रशीदभाई शांतपणे म्हणाले, "प्रल्हादराव, ते 'तसे' मले एकदा भेटून घ्याचे हायेत. सारे सांगतेत, तुमी तसे नाई, तुमी तसे नाई. तीस वर्षांपासून शोधून राहिलो. पत्ता असन तं द्या."

*

हा तिकडचा नाही, इकडचा आहे. मधे का घातला, ते मलाही माहीत नाही.

उत्सवाच्या आठ दिवस आधी एका मंडळाचा कार्यकर्ता गाळ्यावर आला. इकडेतिकडे पाहिलं, रशीदभाईंच्या गाळ्याकडे पाठ केली आणि हळू आवाजात म्हणाला, "दिगूभाऊ, यंदा मोबाईलवर मेसेज फिरून राहिला. फुलं आपल्याच माणसाकडून घ्याची. म्हणून तुमच्याकडं आलो."

ऑर्डर मोठी होती. मी घेतली.

उत्सवाच्या सकाळी हार न्यायला तो आला. एकेक हार उचलून बघत राहिला. सारख्या कळ्या, सारखं अंतर, गाठ कुठे आहे ते सापडू नये अशी. "वा! काय सफाई हाय! याच्यासाठीच म्हणतो मी, आपल्या माणसाचा हात लागला का फरक दिसते."

ते सगळेच्या सगळे हार रशीदभाईंच्या बायकोनं, नूरजहाँ भाभींनी, आपल्या दोन नणंदांना घेऊन ओवले होते. तीन पिढ्या तेच चाललंय. मी तिथेच सांगणार होतो. अगदी सांगणारच होतो. पण तोंडात चहा होता.

संध्याकाळी भाभींना सांगितलं. त्या दोरा गुंडाळता गुंडाळता म्हणाल्या, "आता नका सांगू भाऊ. बिचारा रडन. पुढच्या साली सांगा, हार घेतल्यावर!"

*

पुन्हा तिकडे. सलमाच्या गल्लीत गालिच्यांचं एक बंद पडलेलं दुकान होतं. दवाखान्यातली काही माणसं आणि काही टॅक्सीवाले मिळून ते भाड्यानं घेऊन शुक्रवारी तिथं नमाज पढायचे. एका सकाळी पाहतात तर काच फुटलेली, दारावर काळ्या रंगात घाणेरडं काहीबाही लिहिलेलं.

दुपारपर्यंत मात्र गल्लीतल्या काही शेजाऱ्यांनी दारापुढे फुलं आणून ठेवली. सलमानं व्हिडिओ कॉल करून दाखवलं. रशीदभाईंचे डोळे भरून आले. माझेही आले असते, पण मला भलतंच दिसलं.

"अबे, जमिनीवर? फुटपाथवर? आन् प्लॅस्टिकच्या पन्नीसकट?"

प्रल्हादरावांनी मोबाईल ओढून घेतला. "कोणी मेलं का तिथं?"

"कोणी नाही मेलं काका," सलमा म्हणाली. "इथं अशीच ठेवतात. आम्ही तुमच्यासोबत आहोत, असा अर्थ."

"अर्थ चांगला हाय," मी म्हटलं, "पण माल नासून राहिला न! पन्नीत घाम येते फुलाले. उचल ते!"

रशीदभाईंनीही मान हलवली. फुलवाल्याचं रक्त! सलमाच्या बॅगेत भाभींनी निघतानाच हाराची लांब सुई घातलेली होती. मंगेशला बोलावून घेतलं आणि दोघं पायरीवर बसले. पन्नी फाडायची, देठ तोडायचे, फुलं खुडून टोपलीत टाकायची. एकदम आपल्या बाजारातल्या स्पीडनं.

समोरच्या घरात आर्थर नावाचा म्हातारा राहायचा. ऐंशीच्या घरातला, बायको गेलेली, दिवसभर खिडकीत बसून गल्ली राखणारा. असा एक प्रत्येक गल्लीत असतो. आमच्या गल्लीत मीच आहे. तर या आर्थरनं काय पाहिलं? लोकांनी प्रेमानं वाहिलेली फुलं दोन परके दाराशी बसून, मुंडकी उडवून, हसत हसत नासवतायत. त्यानं पोलिसांना फोन लावला.

पोलीस आले! दोन. सलमा घाबरली नाही. म्हणाली, "साहेब, आमच्याकडे फूल पायाशी ठेवत नाहीत, दाराला बांधतात. जरा हा दोरा धरता का? ताण बसत नाहीये."

आणि पोलिसानं धरला. फोटो आहे! टोपी काढून, दोऱ्याचं टोक चिमटीत धरून तो उभा, आणि सलमा सरसर ओवतेय. दुसऱ्या पोलिसाच्या गळ्यात नंतर मंगेशनं हार घातला आणि त्यानं तो हार घालूनच गाडी चालवत नेली.

"थापा!" सुनंदा.

बरं, गळ्यातला काढतो. दोरा धरल्याचा मात्र फोटो आहे.

तेवढ्यात आर्थर काठी टेकत रस्ता ओलांडून आला. तोंड लाल. "मला वाटलं, तुम्ही नासधूस करताय." सलमानं त्याच्या हातात सुई दिली. "बसा आजोबा. गुलाब नका घेऊ, ते अवघड असतात." त्यानं तासभर लावून एक वेडावाकडा हार केला. व्हिडिओवर तो बघून रशीदभाई मला म्हणाले, "चांगला हाय. तुले अजून येत नाई एवढा."

काळ्या अक्षरांवर पाच हार लागले. आर्थरचा सर्वांत वर.

*

पण हारांनी काय होतं? दुकानात कायमची नमाज पढायची तर तिथल्या नगरपालिकेची परवानगी लागत होती, आणि त्यावर शाळेच्या हॉलमध्ये लोकांची सभा ठरली. गल्लीतून विरोधाचे अर्ज गेले. सलमा थकली होती. तिनं बापाला फोन केला. "अब्बा, इथं आपण कोणाले पाह्यजे नाई. वापस येऊ का?"

रशीदभाईंनी तोपर्यंत चौकशी केलेली होती. माझ्या सोसायटीच्या मागच्या दवाखान्यात तिला घ्यायला तयार होते. त्यांनी माझा हात धरला. तीस वर्षांत या माणसानं मला दोऱ्याचं रीळसुद्धा मागितलं नव्हतं.

"तुझ्या बिल्डिंगमंधी दुसऱ्या माळ्यावरचा फ्लॅट रिकामा हाय न? मालक द्याले तयार हाय, पण सोसायटी हो म्हणन तवा. पोट्टीले रातपाळी राहीन, घर जवळ पाह्यजे. तू बोलशील?"

"बोलीन? अजी, गर्जीन!" मी म्हटलं.

तिकडची सभा आणि आमच्या सोसायटीची सभा, दोन्ही एकाच आठवड्यात आल्या. तिकडची आधी.

मंगेशनं मोबाईलवर सगळं टिपून पाठवलं. आम्ही तिघं टपरीवर एका स्क्रीनवर डोकी लावून बसलो. एक बाई उठली. म्हणाली, "मला मुसलमानांबद्दल काहीही नाही. माझी दातांची डॉक्टर मुसलमानच आहे. प्रश्न पार्किंगचा आहे." दुसरा उठला. "आम्ही सगळ्या धर्मांचा आदर करतो. पण गाड्या कुठे लावणार?" तिसरा, चौथा. सगळे सभ्य! कोणाचा आवाज चढला नाही. काच फोडणारा निदान दगड तरी उचलतो. हे नुसते पार्किंग म्हणत होते.

"पायी येतेत न बे ते!" प्रल्हादराव मोबाईलवर ओरडले. मीही त्या लोकांना असं काही झोडपलं की बाजूचे दोन हमाल थांबून ऐकू लागले. ढोंगी! मनात एक, तोंडावर पार्किंग! थू!

मग आर्थर उठला. त्याला उठायलाच वेळ लागला.

"मी खिडकीत बसतो, हे तुम्हाला माहीत आहे. शुक्रवारी ही माणसं पायी येतात. एक जण सायकलवर येतो. ती त्यानं माझ्या अंगणात लावावी. माझी बायको गेली तेव्हा अख्ख्या गल्लीत गाड्याच गाड्या होत्या. कोणी पार्किंगचा प्रश्न काढला नाही." काठी सलमाकडे केली. "या मुलीवर मी पोलीस बोलावले होते. फुलं खुडत होती म्हणून. मी चुकलो. एकाच गल्लीत दोनदा चुकण्याइतका वेळ आता माझ्याकडे नाही."

बसला. परवानगी मिळाली. एका वर्षाची, पण मिळाली.

रशीदभाईंनी तिथल्या तिथे फोन लावला. "बेटा, आता तं तिथं परवानगी भेटली. मंग राहतं का?"

"नाही अब्बा. येते. फ्लॅटचं पक्कं झालं की राजीनामा देते."

*

आमची सभा रविवारी सकाळी. बिल्डिंगखालच्या पार्किंगमध्ये. तिथेच भरते नेहमी, कारण तिथं जागा रिकामी असते. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, कोपऱ्यात उभा पंखा, समोर सेक्रेटरीसाहेब. सुनंदा माझ्या शेजारी.

सेक्रेटरींनी विषय काढला. "दुसऱ्या माळ्याचा फ्लॅट. नर्स आहे म्हणे मुलगी. आपलं काही नाही हो. माझे स्वतःचे कितीतरी मित्र आहेत त्यांच्यातले. ईदला शीरखुर्मा येतो घरी. पण उद्या येणारे-जाणारे वाढतील. पार्किंगचा प्रश्न होईल."

"हाव, पार्किंगचं पाहावंच लागते," मागून कोणी म्हणालं.

"मेन प्रॉब्लेम पार्किंगच," अजून एक.

आम्ही पार्किंगमध्ये बसलो होतो. बारा फ्लॅटची माणसं, खुर्च्या मांडून, आणि तरीही मागे क्रिकेट खेळता येईल एवढी जागा!

मी उठलो. आवाज बाजारातला. "साहेब, त्या पोरीजवळ सायकलबी नाई! गाडी पाह्यजे तं माझी काढून टाकतो इथून! तुमी घरच्या पूजेचे हार नेता, ते कोण ओवते मालूम हाय का? तिची माय ओवते! तिकडं ऐंशी वर्षांचा गोरा म्हातारा उठून बोलला, आन् आपण काय..." असा दहा मिनिटं बोललो. सभा चिडीचूप. कोणाची मान वर नाही.

पण बहुमत ते बहुमत. फ्लॅट सलमाला दिला नाही. पुढच्या महिन्यात तिथं एक कुटुंब आलं. गाड्या दोन.

दुसऱ्या दिवशी टपरीवर मी रशीदभाईंना हे भाषण सगळं म्हणून दाखवलं. सुनंदा डबा घेऊन आली होती. ती "थापा" म्हणाली नाही. रशीदभाईंनी आपल्या कपातला अर्धा चहा माझ्या बशीत ओतला. मग म्हणाले, "फ्लॅट नाई भेटला तं नाई भेटला. तू उठला न भाऊ. भेटलं मले."

संध्याकाळी सलमाचा फोन आला. "काका, मी आता इथंच राहते. पण तुम्ही उभे राहिलात, हे मी जन्मभर विसरणार नाही. आर्थर आजोबांना पण सांगितलं मी." फोन स्पीकरवर होता. सुनंदा तव्यावरची पोळी उलटत राहिली.

मंगेश सुट्टीवर आला, तेव्हा आर्थरनं माझ्यासाठी एक कागदी पाकीट पाठवलं होतं. त्याच्या अंगणातल्या कसल्याशा फुलाचं बी. वर थरथरत्या अक्षरांत काहीतरी लिहिलेलं. मंगेशनं वाचून दाखवलं: 'जो तिकडे उठला, त्याला. जो इकडे उठला, त्याच्याकडून.' प्रल्हादराव म्हणतात, आपल्या मातीत येईल ते, हिवाळ्यात टाकून पाहू. दर हिवाळ्यात विचारतात. पाकीट गाळ्याच्या खणात आहे, फोडलेलं नाही.

आता ती एक जागा. पोलिसानं दोरा धरला होता, ते खरं. बाईची शीर, आर्थर, पाकीट, सगळं खरं. आणि आमच्या सभेत मी उठलो होतो, हेही खरंच आहे. सेक्रेटरीसाहेब म्हणाले, "दिगूभाऊ, जरा तो पंखा इकडं वळवता का?" मी उठलो, पंखा त्यांच्याकडे वळवला आणि बसलो.